सहा उसने गडी

कॅल्व्हरशायर क्रिकेट क्लबच्या जेवणघरात आजवरच्या सगळ्या कर्णधारांच्या तसबिरी भिंतीवर आहेत. एक सोडून. त्या एकाच्या खिळ्यावर आग विझवायचं लाल नळकांडं लटकतं. क्लबची रीत सरळ आहे. कर्णधार नेमला की त्याच दिवशी त्याच्या नावानं खिळा ठोकायचा. मुदत संपेपर्यंत त्यानं निदान एक सामना जिंकला तर तसबीर लावायची, आणि नाहीच जिंकला तर खिळा वाया घालवायचा नाही.

गॅव्हिन ट्रॉब्रिजचा खिळा दाराशेजारी होता. मुदतीचं तिसरं आणि शेवटचं वर्ष चाललं होतं, जुलै संपत आला होता आणि जिंकलेल्या सामन्यांच्या रकान्यात भोपळा होता. स्वयंपाकघरातल्या कुणीतरी अलीकडे त्या खिळ्यावर ओला फडका वाळत घालायला सुरुवात केली होती.

दुसरा एखादा खचला असता. पण गॅव्हिन हा बुडत्या होडीत बसून किनाऱ्यावरच्या हॉटेलात टेबल राखून ठेवणारा माणूस. तसबिरीसाठी त्यानं निळा कोट शिवून घेतला होता. चित्रकाराशी बोलून ठेवलं होतं. हनुवटी कोणत्या बाजूनं चांगली दिसते याचाही अभ्यास झाला होता. राहता राहिला होता तो फक्त विजय.

"आपल्याला दमदार गडी हवेत," क्लबच्या बैठकीत तो म्हणाला.

अध्यक्ष टॅटरसॉल यांचा गाद्यांचा कारखाना होता आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना गादीत सापडायचं. "गादी खपत नसली ना, गॅव्हिन, तर आम्ही गादी नाही बदलत. खोळ बदलतो."

"खोळ आपण तीनदा बदलली, साहेब. पहिल्यांदा हिरवी, मग पिवळी, आता ही जांभळी. आता आत कापूस भरावा लागेल."

"आहे त्या कापसाला काय झालंय?"

गॅव्हिननं आहे तो कापूस टेबलावर मांडला. सलामीचा फलंदाज प्रेक्षक खुर्च्या झटकून बसायच्या आत परत यायचा, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना तो क्लबचा कारकून वाटायचा. वेगवान गोलंदाजाला धावत येताना वाटेत विचार करायची सवय होती. यष्टिरक्षकानं गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि ती चुकून चांगल्या गुडघ्याची झाली होती.

"पण नवे गडी आणायचे कुठून? तिजोरीत काय आहे ते तू जाणतोस," टॅटरसॉल म्हणाले.

"विकत कोण घेतंय? उसने आणू. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे. हंगाम संपला की परत." गॅव्हिननं खुर्ची पुढे ओढली. "नदीपलीकडून."

टॅटरसॉलच्या हातातला चमचा बशीत पडला.

नदीपलीकडे शेजारचा परगणा आहे. त्याचं नाव कॅल्व्हरशायरमध्ये घेत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसंच, फक्त प्रेम वजा करून. कारणही तसंच घडलं होतं. शंभरएक वर्षांपूर्वी त्यांचा कर्णधार इथल्या मैदानावर चहाला बसला, कॅल्व्हरशायरचा शहाजिरं घातलेला केक त्यानं तोंडात घातला आणि चारचौघांत म्हणाला, "जरा कोरडा आहे." तेव्हापासून त्यांना फक्त 'ते' म्हणतात. क्लबच्या दारातल्या फळ्यावर हंगामातले सगळे सामने रंगवलेले असतात, पण त्यांच्याशी असलेल्या सामन्याची जागा कोरी सोडतात. ज्याला कळायचं त्याला कळतं.

"त्यांच्याकडून?" टॅटरसॉल कुजबुजले. "पॉटिंगरबाईंना काय सांगशील?"

पॉटिंगरबाई क्लबचा चहा-फराळ बघायच्या. ज्या केकला कोरडं म्हटलं गेलं तो त्यांच्या आजीनं भाजलेला होता.

"बाईंना मी सांभाळतो," गॅव्हिन म्हणाला. तो आजवर एकही सामना जिंकला नव्हता, आणि सगळ्यात अवघड सामना त्यानं असा चुटकीसरशी अंगावर घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पूल ओलांडून गेला. तिकडचं मैदान म्हणजे विमानतळ. तीन तीन संघ, मनाचा वेगळा डॉक्टर, झोपेचा वेगळा डॉक्टर, आणि कुणी काय खायचं ते ठरवणारा पेनफोल्ड नावाचा एक हडकुळा आहारतज्ज्ञ. त्यांचा प्रशिक्षक डर्मॉट स्लेड गवतावर उभा राहून काकडी खात होता. उलट्या काळजाचा नव्हता तो, पण जिंकून जिंकून माणसाला येतो तसा एक आळस त्याला आला होता.

"सहा गडी?" स्लेड म्हणाला. "अरे, वर्षभर इतरांना पाणी नेऊन देण्यापलीकडे कामच नाही त्यांना. आठ ने."

"सहा पुरेत. आठ नेले तर आमचे गडी कुठं जातील?"

"घरी. मैदानावर तरी कुठं असतात ते?" स्लेडनं काकडीचा तुकडा मोडला. "ने. फक्त हंगाम संपेपर्यंत परत तोंड दाखवायला लावू नकोस त्यांना. मला आहेत तेच जड झालेत."

हा बोल स्लेडला पुढे फार जड जाणार होता, पण त्या दिवशी ऊन छान पडलं होतं आणि दोघंही खुशीत होते.

सहा गडी आले. त्यांचा म्होरक्या ह्यूगो डँगरफील्ड. दाराच्या चौकटीतून आत येताना खांदे तिरके करायला लागणारा हा फलंदाज चेंडू असा मारायचा की चेंडूची दया यावी. पण पहिल्याच दिवशी जेवणघरात त्याच्यासमोर केक आला आणि हा पहाडासारखा माणूस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय झालं रे?" पॉटिंगरबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. 'कोरडा' हा शब्द यायची त्या वाटच पाहत होत्या. हातात सुरी होती.

"काही नाही, बाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिकडं पेनफोल्ड उकडलेली कोंबडी देतो. आणि काकडी. चार वर्षं."

"नुसती?"

"वाढदिवसाला दोन काकड्या."

बाईंनी सुरी खाली ठेवली आणि त्याच्या बशीत आणखी दोन तुकडे टाकले. "खा लेकरा. त्यांच्यात जन्मलास, त्यात तुझा काय दोष."

गॅव्हिननं बाईंना सांभाळलं म्हणतात ते एवढंच. त्यानं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

सहा गड्यांनी संघाचा नूरच पालटला. ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्यात डँगरफील्डनं एकट्यानं दोनशे केल्या. जिंकायला फक्त दोन बळी हवे होते, तेव्हा कुरणातून धुकं उठलं आणि असं दाटलं की पंच एकमेकांना हाका मारत परत आले. सामना अनिर्णित. दुसऱ्या सामन्यात एकच बळी हवा होता. तेव्हा स्वच्छ ऊन पडलं, सूर्य नेमका फलंदाजाच्या डोळ्यांसमोर उतरला आणि पंचांनी उन्हामुळे खेळ थांबवला. इंग्लंडात ऊन जास्त झालं म्हणून सामना थांबला, हे ऐकायला गावातले म्हातारे मुद्दाम काठ्या टेकत आले. सूर्य बुडाला तेव्हा वेळही बुडाली होती.

फळ्यावर त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. हंगाम संपला. गॅव्हिननं जेवणघरात जाऊन आपल्या खिळ्यावरचा फडका काढला, घडी घातली आणि पुन्हा तिथंच टांगला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला निळ्या कोटाची थोडी लाज वाटली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात त्याला काकड्यांनी भरलेली खोकी दिसली. चांगली छातीपर्यंत चळत होती.

"पॉटिंगरबाई, ह्या काकड्या कशाला?"

"तुझ्यासाठी नाहीत. त्यांच्यासाठी." बाईंनी हनुवटीनं नदीची दिशा दाखवली. "त्या पेनफोल्डनं कळवलंय. लोणी नको, साखर नको, आनंद नको. मंगळवारी येतायत ना."

"कोण येतंय?"

"ते."

"कशाला?"

"माझं लग्न जमवायला! खेळायला रे. दर साली मे महिन्यात येतात, यंदा सप्टेंबरात येतायत."

गॅव्हिन दारातल्या फळ्याकडे पळाला. सगळ्यात खाली, उन्हामुळे थांबलेल्या सामन्यानंतर, एक ओळभर जागा कोरी होती. मे महिना त्यांच्याविना गेला तेव्हा अख्ख्या क्लबला हायसं वाटलं होतं, पण का आले नाहीत हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. आता कुणी म्हणेल, फोनवर बघायचं होतं. तर फोनवर लीगचं पान उघडलं की सामन्यांच्या आधी गुणतक्ता येतो, आणि कॅल्व्हरशायरच्या माणसानं तो तक्ता शेवटचा कधी उघडला होता हे सांगायला इतिहाससंशोधक बोलवावा लागेल.

"अजून एक सामना आहे!" गॅव्हिन ओरडला. त्यानं काकड्यांच्या वरच्या खोक्याचा मुका घेतला. "बाई, अजून एक सामना! आणि माझ्याकडे डँगरफील्ड आहे!"

डँगरफील्ड तिथंच होता. केकचा तुकडा घ्यायला आला होता, चौथा. तो थोडा अवघडून म्हणाला, "कॅप्टन, एक सांगू का? आम्ही त्यांचेच आहोत."

"होतात. आता आमचे आहात."

"तसं नाही. उसन्या गड्याला आपल्या मूळ घराविरुद्ध खेळता येत नाही. नियम आहे."

हा नियम सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे. गॅव्हिनलाही होता. पण नियम ठाऊक असणं वेगळं आणि तो खुर्चीवर येऊन आपल्या शेजारी बसणं वेगळं. संघाचा कणा म्हणून त्यानं जे सहा गडी आणले होते, ते सहाच्या सहा अख्ख्या जगात फक्त एका संघाविरुद्ध खेळू शकत नव्हते. आणि मंगळवारी तोच संघ येत होता.

गॅव्हिन खोक्यावर बसला. एक काकडी उचलून खाल्ली. मग उठून त्यानं स्लेडला फोन लावला.

स्लेड आधी मनसोक्त हसला. "म्हणजे तू आमच्याशी सहा गडी कमी घेऊन खेळणार? अरे, आमचा तिसरा संघसुद्धा तुम्हाला पुरून उरेल! तिसरा काय, आमचा..." आणि तो थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. मोजतोय." पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. "तिघं इंग्लंडच्या संघात गेलेत. दोघांचे खांदे गेलेत. दुसरा संघ मंगळवारी स्कॉटलंडात खेळतोय. तिसऱ्यातल्या निम्म्यांना कांजिण्या. गॅव्हिन, ते सहा परत दे."

"नाही देता येत."

"का?"

"हंगाम संपेपर्यंत तोंड दाखवायला लावू नकोस, तूच म्हणालास. लीगला कळवताना शब्दन् शब्द तसाच कळवलाय आम्ही. त्यांना आवडला."

"गॅव्हिन, मला पेनफोल्डला खेळवावं लागेल रे!"

"आहारतज्ज्ञाला?"

"तरुणपणी दुसऱ्या संघात होता. शेवटी फलंदाजीला यायचा."

फोन ठेवला तेव्हा गॅव्हिनचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता. किनाऱ्यावरच्या हॉटेलात टेबल राखून ठेवल्यासारखा.

मंगळवारी सकाळी त्यानं आपला संघ कपडे बदलायच्या खोलीत उभा केला. पाच आपले, चार दुसऱ्या संघातले, शाळेचा खेळमास्तर, आणि यष्ट्यांमागे गुरांचा डॉक्टर मॉर्गन. त्याचे हात गाईच्या पोटातून वासरं ओढून ओढून रुंद झाले होते आणि गुडघे दोन्ही शाबूत होते.

"आज ते दुबळे आहेत," गॅव्हिन म्हणाला, "आणि आपणही दुबळे आहोत. पण जरा फरक आहे. ते शनिवारपासून दुबळे आहेत. आपण तीन वर्षांपासून. सांगा, अनुभव कुणाकडे जास्त आहे?"

"आपल्याकडे," खेळमास्तर म्हणाला, आणि आपण हे अभिमानानं का म्हणालो असा प्रश्न त्याला पडलेला दिसला.

"झेल सुटला की त्यांना धक्का बसेल. आपल्याला बसणार नाही. आपण चहा घेतो तसा झेल सोडतो. जा, फोडा त्यांना."

"आणि आम्ही काय करायचं?" दारातून डँगरफील्डनं विचारलं. त्याच्या मागे बाकीचे पाच होते. ना या बाजूचे, ना त्या बाजूचे, लग्नात दोन्हीकडच्यांनी विसरलेल्या पाहुण्यांसारखे.

"तुम्ही? जेवा."

सामना जसा व्हायचा तसाच झाला. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मिळून इतके झेल सुटले की सीमारेषेवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, आज चेंडू गरम आहे का? नदीपलीकडच्यांचा एक फलंदाज धावचीत झाला, कारण दोघंही एकाच टोकाला पोचले आणि "तू परत जा", "नाही, तुम्ही जा" असा आग्रह करत राहिले. अशा वेळी काय करायचं ते कॅल्व्हरशायरच्या गड्यांना पाठ होतं, त्यांच्याकडे हे दर आठवड्याला व्हायचं. सलामीचा फलंदाज प्रेक्षक बसल्यानंतरही मैदानात होता. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस कोणीही वाईट खेळण्यात कॅल्व्हरशायरचा हात धरू शकणार नाही, हे सिद्ध झालं, आणि वाईट खेळण्यात मुरलेला माणूस नवख्यापेक्षा नेहमी दोन धावा जास्त करतो. चौथ्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्यांचे आठ गडी बाद झाले होते आणि जिंकायला त्यांना शंभराच्या वर धावा हव्या होत्या. त्या काही त्यांच्या बापाला जमल्या नसत्या. पण संध्याकाळपर्यंत नुसतं टिकलं की सामना अनिर्णित, आणि अनिर्णित सामन्यावर तसबीर लागत नाही.

नववा गडी बाद झाला आणि शेवटचा फलंदाज म्हणून पेनफोल्ड आला. हडकुळा, लांबलचक, काकडीच्याच रंगाचा. आला आणि चिकटला. त्याला फटका ठाऊकच नव्हता. चेंडू आला की बॅट पुढे, चेंडू गेला की बॅट मागे, जसा कुणी दार उघडतोय आणि लावतोय. तासभर गेला. वेगवान गोलंदाजाच्या पायात गोळे आले, तेव्हा चेंडू गॅव्हिननं स्वतःच घेतला. पश्चिमेला टेकडीवर ढग जमले, काळेभोर, आणि टॅटरसॉल बाल्कनीतून ओरडले, "गॅव्हिन! चहानंतर पाऊस येतोय!" जसं काही ते गॅव्हिनला दिसत नव्हतं.

गॅव्हिनला दाराशेजारचा खिळा दिसत होता. त्यावरचा फडकाही.

चहाची वेळ झाली. पेनफोल्डनं हातमोजे काढायला सुरुवात केली.

"थांबा," पंच म्हणाले. "नऊ बाद आहेत. चहा अर्धा तास पुढे."

क्रिकेटचा हा जुना नियम आहे. शेवटचा एकच गडी उरला असेल तर चहा ढकलायचा, म्हणजे उगाच एका चेंडूसाठी सगळ्यांना परत यायला नको. पेनफोल्डनं हातमोजे पुन्हा चढवले. त्याला काय, त्याचा चहा म्हणजे कोमट पाणी.

पण गॅव्हिन मैदानाच्या मधोमध थबकला, बाल्कनीकडे पाहत राहिला, आणि त्याच्या डोक्यात ऊन पडलं. त्यानं राखीव गड्याला हाक मारली. "बाईंना सांग, चहाचं टेबल बाल्कनीत काढा. अगदी पुढे, कठड्याला लावून. आणि डँगरफील्डला सांग, सुरू कर."

डँगरफील्डचा उलट निरोप आला: "कॅप्टन, माझ्या परगण्याविरुद्ध मला खेळता येत नाही."

"खेळ कोण म्हणतंय? खा म्हणतोय!"

बाल्कनीत टेबल आलं. पांढरी चादर आली. तीन मजली केक आला. वर शहाजिरं, कडेला लोणी, शेजारी मुरंब्याच्या बरण्या, आणि त्यामागे रांगेत सहा उसने गडी. त्यांनी सुरुवात केली.

पेनफोल्डनं पुढचा चेंडू अडवला, मान वर केली आणि गोठला.

"डँगरफील्ड!" तो मैदानातून ओरडला. "काय आहे ते?"

"केक," डँगरफील्डनं तोंड भरल्या आवाजात सांगितलं.

"खाली ठेव!"

"आता तुमच्या हाताखाली नाही मी! महिनाअखेरपर्यंत उसना आहे!"

यष्ट्यांमागून मॉर्गन डॉक्टर हळूच म्हणाला, "चौथा तुकडा आहे हो त्याचा. सकाळपासूनचे धरत नाही मी."

"त्याचं वजन..." पेनफोल्डचा आवाज चिरकला. "चार वर्षं घातलीत मी त्या माणसावर!"

"दिसतात हं चार वर्षं. पोटाशी गोळा झालीयत."

गॅव्हिननं चेंडू टाकला. पेनफोल्डनं अडवला, पण डोळे बाल्कनीत. पुढचा त्याच्या ढोपरावर आदळला. अख्ख्या कॅल्व्हरशायरनं दाद मागितली, पंचांनी नकारार्थी मान हलवली. पंचांचं लक्षसुद्धा थोडं केककडे होतंसं दिसलं.

"तुम्ही स्वतः कधी खाल्लाय का हो?" मॉर्गननं विचारलं.

"काय?"

"केक."

वारा बाल्कनीकडून वाहत होता. शहाजिऱ्याचा वास खेळपट्टीपर्यंत आला.

"लहानपणी," पेनफोल्ड म्हणाला. "आई करायची."

"मग आता घाई करा. वरचा मजला संपला. मधलाही निम्मा गेलाय. गुरांचा डॉक्टर आहे मी, चरण्याचा वेग कळतो मला. अर्ध्या तासात गव्हाण कोरी होईल."

पेनफोल्डनं बाल्कनीकडे पाहिलं, मग आपल्या यष्ट्यांकडे. त्याचा हिशेब गॅव्हिनला लांबूनच वाचता येत होता. टिकलो तर अर्धा तास इथं. बाद झालो तर आत्ता तिथं.

"मी जाऊन त्यांना थांबवायला हवं," पेनफोल्ड स्वतःशीच बोलला. "माझं कर्तव्य आहे."

"अगदी," मॉर्गन म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण थांबवणार?"

गॅव्हिन धावत आला. तीन वर्षांत त्यानं जितके चेंडू टाकले त्यातला हा सगळ्यात साधा होता. सरळ, मध्यम, कुणाच्याही आजीनं अडवला असता असा. पेनफोल्डनं आयुष्यातला पहिला फटका मारला. डोळे मिटून, दोन्ही पाय हवेत, बॅट आभाळात. मधली यष्टी उखडून मॉर्गनच्या पायाशी जाऊन पडली.

पेनफोल्डनं मागे वळूनही पाहिलं नाही. पंचांनी बोट वर करायच्या आत तो लांब लांब ढांगा टाकत निम्मं मैदान पार करून गेला होता.

बाल्कनीत टॅटरसॉल उड्या मारत होते. "कापूस! कापूस!" एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं. वेगवान गोलंदाज गवतावर पडून रडत होता, आणि यात पायातल्या गोळ्यांचा वाटा किती आणि आनंदाचा किती हे त्यालाही सांगता येत नव्हतं. स्लेड सीमारेषेवर हातात काकडी घेऊन उभा होता.

गॅव्हिन जिने चढून वर आला तेव्हा बाल्कनीतल्या उड्या थांबल्या होत्या. पेनफोल्डनं केकचा तुकडा उचलला होता. सहा उसने गडी, दोन्ही पंच, टॅटरसॉल आणि सुरी घेतलेल्या पॉटिंगरबाई, सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पेनफोल्डनं घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. माणूस प्रामाणिक होता, हाच त्याचा एक दोष.

"सुरेख आहे," तो म्हणाला. "जरा कोरडा आहे."

टॅटरसॉलनी डोळे मिटून घेतले. शंभर वर्षांचं मौन पुन्हा पायरीवर येऊन उभं राहिलं. पॉटिंगरबाई सुरी घेऊन एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी पेनफोल्डकडे पाहिलं, त्याच्या बाहेर आलेल्या हाडांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग चहात बुडव ना, मेल्या."

पेनफोल्डनं बुडवला. खाल्ला. खुर्चीत बसला आणि त्यानं बशी पुढे केली. इतक्या वर्षांत हे कुणालाही सुचलं नव्हतं.

पहिले टपोरे थेंब कठड्यावर पडायला लागले, पण आता पडले काय आणि न पडले काय. गॅव्हिन जेवणघरात गेला. खिळ्यावरचा फडका त्यानं काढला आणि आग विझवायच्या नळकांड्यावर टाकला. मग आपली घामेजलेली टोपी खिळ्यावर टांगून दोन पावलं मागे सरकला.

"थोडी डावीकडे घ्यावी लागेल," तो म्हणाला. "माझी हनुवटी त्या बाजूनं चांगली दिसते."